विषय: दुसऱ्या गटाच्या नाटकावर नाटकवाल्यांनी जाहीर लिहावं का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती, मराठी मंडळ (अमेरिका)

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवातल्या नाटकावर गेल्या आठवड्यात मंडळाच्या या ईमेल-गटावर जे परीक्षण आलं (दोन प्रवेशांमधले काळोख लांबले वगैरे), त्याबद्दल समितीकडे बऱ्याच तक्रारी आल्या आहेत. लिहिणारे सभासद आपल्याच गावातल्या दुसऱ्या नाट्यगटात काम करतात आणि त्यांचं नाटक नोव्हेंबरात आहे. प्रस्ताव असा आहे की, स्थानिक नाटकांत काम करणाऱ्यांनी दुसऱ्या गटाच्या प्रयोगावर जाहीर टीका करू नये. काही सांगायचंच असेल तर दिग्दर्शकाला खाजगीत कळवावं. कौतुकाला अर्थातच बंदी नाही. रविवारच्या बैठकीआधी आपली मतं कळवावीत, ही विनंती.

*

प्रेषक: एक दिग्दर्शिका

नमस्कार,

माझा विरोध नोंदवून घ्या. "कौतुकाला अर्थातच बंदी नाही" या वाक्यातच प्रस्तावाचं बिंग फुटतं. फक्त कौतुकच करायचं ठरलं की त्या कौतुकाला कवडीची किंमत उरत नाही, आणि त्यात पहिला मार बसतो तो ज्याचं काम खरोखर चांगलं झालंय त्याला.

मुळात इथे दुसरं लिहिणार कोण? मुंबई-पुण्यात नाटक आलं की वर्तमानपत्रात परीक्षण येतं. कमलाकर नाडकर्णी, वि. भा. देशपांडे यांच्यासारखी माणसं आयुष्यभर ते काम करत राहिली. माधव मनोहरांनी तर एखाद्या नाटकाचं मूळ इंग्रजी नाटक कोणतं तेही छापून टाकायचं. आपल्याकडे काय येतं? मंडळाच्या अंकात अहवाल. त्यात चहावाल्या स्वयंसेवकांपर्यंत सगळ्यांची नावं आणि शेवटी "प्रेक्षकांनी उत्स्फूर्त दाद दिली". निम्मे प्रेक्षक कलाकारांचे नवरे, बायका नाहीतर शेजारी असतात. ते दाद देणार नाहीत तर काय करतील? दोन प्रवेशांमधला काळोख थोडा जरी लांबला तरी आधीच्या वाक्याची हवा जाते, हे ज्याला खुर्चीत बसून कळतं तो बहुधा कधीतरी विंगेत उभा राहिलेलाच असतो. आणि त्याच्याच तोंडाला आपण कुलूप लावणार.

खाजगीत कळवायचं म्हणजे काय, तेही आपण जाणतो. प्रयोग संपला की आत जाऊन "मस्त झालं हं!" आणि पार्किंगमध्ये गाडीचं दार लागलं की खरं परीक्षण सुरू. ते दिग्दर्शकापर्यंत पोचतं, पण तिसऱ्याच माणसाकडून, मीठमसाला लावून.

मराठी रंगभूमीवर हे सोवळं कधी नव्हतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आधी नाटकाचे परीक्षक म्हणून पुढे आले, त्यांचं पहिलं नाटक 'वीरतनय' १८९६ चं, म्हणजे नंतरचं. आणि नाटककार झाल्यावर त्यांनी टीकालेखन सोडलं नाही. अत्रे नाटककार आणि संपादक, त्यांनी कुणाला सोडलं? राज्य नाट्य स्पर्धेच्या परीक्षकांत रंगकर्मी असतातच ना? १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेचे प्रयोग दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे. तिथे समोर बसणाऱ्यांत नाटकवाल्यांचाच भरणा, आणि नाटक आवडलं नाही तर दिग्दर्शक सत्यदेव दुबे ते सांगताना आडपडदा ठेवणारे नव्हते. आपणही शाळेच्याच हॉलमध्ये नाटकं करतो. त्यांच्या खुर्च्या आपल्याइतक्या मऊ नव्हत्या, एवढंच.

*

प्रेषक: जुना सभासद

ताई, इतिहास झकास सांगितलात. पण तुम्ही नावं घेतलीत त्यांतल्या कुणाला, ज्याच्यावर टीका केली त्याच्याच शेजारी रविवारी मराठी शाळेच्या दारात मुलांना घ्यायला उभं राहावं लागत नव्हतं.

व्यावसायिक नाटकाचे प्रयोग शेकड्यांनी होतात. परीक्षण वाचून दिग्दर्शक दुसऱ्या अंकाला कात्री लावतो, पुढचे प्रयोग सुधारतात. इथे सहा-सहा महिने शनिवार-रविवार कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तालमी, मग एक प्रयोग, फार तर दोन, आणि नेपथ्य गराजमध्ये. सोमवारी आलेल्या टीकेचा त्या नाटकाला उपयोग काय? वरातीमागून घोडं!

नाव सांगत नाही, पण इथेच वाढलेली एक गुणी मुलगी आपल्याकडे काम करायची. "उच्चार अमेरिकन" एवढे दोन शब्द तिने इथे वाचले आणि पुन्हा तालमीला पाऊल टाकलं नाही. तिच्या वयाची मुलं मराठी नाटकात उभी राहतात हेच माझ्या लेखी पुष्कळ आहे.

आणि हेतूचंही बोलू या. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांचं, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी. तिथे इथल्या नाटकांना जागा मोजक्या, आणि आपले दोन्ही गट अर्ज करणार. मग याने त्याच्याबद्दल लिहिलेलं परीक्षण म्हणायचं की प्रचार?

मला आठवतं ते संयुक्त 'मानापमान'. ८ जुलै १९२१, मुंबई. 'ललितकलादर्श' आणि 'गंधर्व' या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. कोण सरस ठरलं याची चर्चा रसिक आजतागायत करतात, आणि ते रसिकांनीच करावं. नटाने आपलं गावं.

*

प्रेषक: एक दिग्दर्शिका

काका, मोठा दाखला दिलात, पण तो माझ्या बाजूने जातो. दोन कंपन्यांचे दोन मालक-नट एकाच रंगमंचावर, एकाच तिकिटात समोरासमोर उभे राहिले. यापेक्षा जाहीर तुलना आणखी कशी करायची असते? आपल्याला कुणीतरी मापणार हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं, तरी ते उभे राहिले.

त्या मुलीचं जे झालं त्याचा मलाही संताप येतो. पण दोन शब्दांची ती शेरेबाजी होती, परीक्षण नव्हतं. उच्चारांवर लिहायचंच तर दिग्दर्शकाला धरा. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घाटावरच्या म्हातारीची भूमिका कुणी दिली आणि तिच्याकडून भाषा कुणी बसवून घेतली नाही, हे विचारा. हे विचारण्याची अक्कलही तालमी घेतलेल्या माणसालाच जास्त असते.

सहा महिन्यांच्या मेहनतीचं म्हणाल, तर संहिता निवडण्यापासून चुकलेलं नाटक पुढच्या वर्षी तसंच पुन्हा येतं, कारण कुणी बोललेलंच नसतं. घोडं वरातीमागून आलं खरं, पण पुढच्या वरातीच्या आधीच आलं की नाही?

हेतूचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. म्हणून माझं म्हणणं: लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत सांगावं की मी अमुक गटात आहे, आमचं नाटक अमुक तारखेला आहे. गेल्या आठवड्यातल्या परीक्षणात ही ओळ नव्हती, आणि माझ्या मते त्यात एवढीच गोष्ट आक्षेपार्ह होती. ती ओळ असली की वाचणारे आपलं मीठ आपण घालून घेतात. टोपणनावाने लिहिलेलं समितीने खुशाल काढून टाकावं. मध्यंतरात उठून गेलेल्यांचंही.

आता ठरावाबद्दल. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला झाला. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून काय काय बोललं गेलं, निषेध कसे झाले, सगळ्यांना माहीत आहे. पण १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं ते ज्या संस्थेने ते उभं केलं त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्याच (पीडीए) निर्णयाने. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये 'थिएटर अकादमी' काढली, पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० मध्ये ते नाटक युरोपात गेलं. कडाडून बोलणाऱ्यांना ते नाटक पुरून उरलं, समितीने मात्र ते काही काळ तरी थांबवलं होतं. मला तिखट ईमेलपेक्षा ठरावाची भीती जास्त वाटते.

*

प्रेषक: गणेशोत्सवातल्या नाटकाचा लाईटवाला

मंडळी, माझ्या कामावर एवढं महाभारत चाललंय म्हणून मधे बोलतो.

काळोख लांबले, बरोबर लिहिलंय. शाळेचा नियम असा की लाईट बोर्डवर त्यांचाच विद्यार्थी बसणार. पोरगा हुशार, पण मराठीचं एक अक्षर कळत नाही. लाईट कधी बदलायचे त्या क्यू इंग्रजीत लिहून दिल्या, तरी वाक्य संपलंय की नट नुसता थांबलाय हे त्याने ओळखायचं कसं? मी विंगेतून खुणा करत होतो आणि त्या त्याला दिसत नव्हत्या. परीक्षणात हे कारण आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यासाठी मला विचारावं लागलं असतं. तरी एक सांगतो, लाईटबद्दल चकार शब्द काढणारा तो एकटाच माणूस निघाला. बाकीच्यांनी मला "समोसे छान होते" म्हणून सांगितलं.

परीक्षण लिहिणाऱ्या दादांना विनंती: नोव्हेंबरात तुमचाही हॉल तोच आणि बोर्डवर बहुधा पोरगाही तोच. तुमची क्यू-शीट मला आधी पाठवा, त्या बोर्डवर काय जमतं आणि काय नाही ते खुणा करून देतो. प्रयोगाला तिकीट काढून येईन आणि दुसऱ्या दिवशी इथे लिहीन, पहिल्या ओळीत मी कोण ते सांगून. रंगीत तालीम शुक्रवारी आहे की गुरुवारी?