मदत हवी आहे: इंदूरचं पाणी कोणत्या खोऱ्याच्या खात्यात धरायचं?

नमस्कार मंडळी. ग्रहीय मर्यादांच्या (पृथ्वीचं संतुलन टिकावं म्हणून शास्त्रज्ञांनी आखलेल्या मर्यादांच्या) चौकटीत गोड्या पाण्याच्या वापराची जागतिक मर्यादा २००९ मध्ये वर्षाला ४,००० घन किलोमीटर मांडली गेली. २०१५ मध्ये खोरेनिहाय मर्यादा आली: नदीतून उपसा सरासरी मासिक प्रवाहाच्या किती टक्के असावा, तर कमी प्रवाहाच्या महिन्यांत २५, मध्यम प्रवाहाच्या महिन्यांत ३०, भर प्रवाहात ५५ टक्के. आपल्या कामाची हीच.

पण इंदूर नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी उचलतं आणि सांडपाणी कान्ह-क्षिप्रेतून चंबळेला जातं. नर्मदेला थेंबही परत मिळत नाही. म्हणून ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन त्याच नदीत परततं हे नेहमीचं गणित इथे चुकतं, नर्मदेच्या खात्यात सगळा उपसा वापरच धरायला हवा. बरोबर ना?

दुसरं, मंडलेश्वरला मोजलेला नर्मदेचा प्रवाह वरच्या इंदिरासागर-ओंकारेश्वर धरणांनी बदललेला. उन्हाळ्यातला विसर्ग फुगलेला दिसतो, मर्यादाही फुगते. धरणांआधीचा नैसर्गिक मासिक प्रवाह कुणी काढलाय का? धरणांतलं बाष्पीभवन आणि साठ्यातला फरक त्यात कसा धरलात?