नेटवर्क फोनचं की सिमचं? आयफोन १६, गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ९

पनवेल_लोकल: ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रोज हाच वाद. कॅमेरा, एआय सोडा, या किमतीत सगळेच भरभरून देतात. अपडेटचंही भांडण मिटल्यात जमा आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षांचा शब्द दिलाय. राहिलं नेटवर्क. आयफोन १६ मध्ये क्वालकॉमचा मॉडेम (टॉवरशी बोलणारी चिप), पिक्सेल ९ मध्ये सॅमसंगचा एक्झिनॉस मॉडेम. रेंज एका कांडीवर आली की क्वालकॉमवालाच टिकतो, हे माझं ठाम मत. पटत नसेल त्यांनी बोला.

गच्चीवरचा_अँटेना: अजिबात पटत नाही. आधी सांगा, कोणाच्या फोनात सिम कोणाचं? २०२२ च्या ५जी लहरींच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) एकट्या जिओने घेतला, तोही १० मेगाहर्ट्झ रुंदीचाच. ३३०० च्या बँडमध्ये त्यांच्याकडे १०० मेगाहर्ट्झ रुंदी आहे. ७०० भिंतींतून आत येतं, पण वाट अरुंद, वेग बेताचा. ३३०० सुसाट, पण दोन भिंती आड आल्या की गळपटतं. वर कोपऱ्यात दोन्ही वेळा ‘५जी’च दिसतं! म्हणजे खिडकीपाशी बसलेल्याचा फोन जिंकणार. यात मॉडेमचं कसलं कौतुक?

पनवेल_लोकल: सिम एकच होतं, काढून-घालून पाहिलंय. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये एका फोनवर यूपीआयचं चक्र नुसतं फिरतं, दुसऱ्यावरून पैसे जातात. ४०० एमबीपीएस कोणाला हवेत? पार्किंगवाल्याचे २० रुपये गेले पाहिजेत, बस.

एस२४_मालक: आणि यूट्यूबवरचे अमेरिकन रिव्ह्यू इथे चिकटवू नका राव. तिकडच्या एस२४ मध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन चिप, आपल्याकडे २०२४ मध्ये आला त्यात सॅमसंगची एक्झिनॉस २४००. नाव एक, आतला माल वेगळा. शिवाय एस२४ मध्ये दोन साधी सिम बसतात. इथल्या आयफोन १६ आणि पिक्सेल ९ मध्ये एक साधं, दुसरं ई-सिम (फोनातच असलेलं, काढता-घालता न येणारं). गावी गेल्यावर सासऱ्यांचं सिम पटकन घालून बघायचं म्हटलं, तर तिथे पहिलं बाहेर काढावं लागतं.

साताऱ्याची_ताई: तुम्ही मॉडेमवर भांडताय, आणि खरा खेळ सॉफ्टवेअरचा आहे. भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. आयफोन १२ पासून फोनात ५जी होतंच, तरी इथे ते चाललं डिसेंबरात, आयओएस १६.२ हे अ‍ॅपलचं अपडेट आल्यावर. तेवढे दिवस तो भारी मॉडेम काय लोणच्याला घालायचा होता? माझ्या आधीच्या फोनवर (नाव घेत नाही, भक्त अंगावर येतील) अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ उमटली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी संपली, पूर्ण डिस्प्ले बदला. आता मी आधी गावातलं सर्व्हिस सेंटर बघते, मग फोन.

पनवेल_लोकल: ताई, सर्व्हिसचं मान्य. पण सॉफ्टवेअर दुरुस्त होतं, मॉडेम फोन बदलेपर्यंत तोच राहतो.

गच्चीवरचा_अँटेना: मग आयफोन १६ई घेणाऱ्याला काय सांगणार? त्यात क्वालकॉम नाहीच, अ‍ॅपलचा स्वतःचा सी१ आहे.

पनवेल_लोकल: तो अजून हातात घेतलेला नाही, म्हणून त्यावर गप्प. कोणी वापरत असेल तर बेसमेंटमध्ये नेऊन बघा आणि इथे लिहा. सिम कोणाचं, तेही टाका, नाहीतर अँटेनाभाऊ सोडणार नाहीत.