मदत हवी आहे: लकव्यानंतर पीएफची पेन्शन कोणत्या पगारावर धरतात?

सुरंगी:

नमस्कार. माझे मिस्टर (वय ४६) लोटे एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहेत. गेल्या वर्षी शिमग्यात घरीच लकवा मारला. बोलणं बरंच परत आलं, पण उजवा हात-पाय नाही. शिल्लक रजा संपेपर्यंत पगार आला, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाच महिने बिनपगारी आहेत. आता ऑफिसमधले साहेब म्हणतात, राजीनामा द्या आणि पीएफ घ्या, दहा वर्षं झाली नाहीत म्हणजे पेन्शन नाही. शेजारचे एक काका म्हणतात, अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट नसते.

इथे ते जून २०१७ ला लागले. हातात २२ हजार यायचे, पण स्लिपवर बेसिक आणि डीए मिळून १३,५०० आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तेच ११,५०० होतं. मला दोन गोष्टी कळत नाहीत. पेन्शन २२ हजारांवर धरणार की १३,५०० वर? आणि पाच वर्षांची सरासरी काढतात म्हणे, तर त्यात हे शून्य पगाराचे महिने धरले तर सरासरी खाली येणार ना? माणूस आजारी म्हणून पगार नाही आणि पगार नाही म्हणून पेन्शन कमी, हे मनाला पटत नाही.

दोन मुलं शिकतायत. आंब्याची आठ-दहा कलमं आहेत, त्यावर वर्ष निघत नाही. कोणाला माहीत असेल तर कृपया नीट सांगा.

वाशिष्ठीकाठ:

ताई, आधी महत्त्वाचं. राजीनाम्यावर सही करू नका. कायमचं पूर्ण अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असलं पाहिजे, ही १९९५ च्या पेन्शन योजनेची अट आहे, आणि तुमच्याकडे ती आज पूर्ण आहे. काका बरोबर आहेत. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं. लकवा घरी आला की कंपनीत, याने फरक पडत नाही. (कामावरच्या इजेची अट ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, अपंगत्व लाभाला असते. तो विषय वेगळा.) वयाच्या ५८ आधी पेन्शन घेतली की वर्षाला ४ टक्के कापतात, ती कपातही इथे लागत नाही.

आता हिशोब. सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे बेसिक आणि डीए, तोही जास्तीत जास्त १५,००० पर्यंत. हातात येणारे २२ हजार विसरा. पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना असतो, त्यातल्या आकड्याला १२ ने गुणलं की धरलेला पगार कळतो. तुमच्याकडे १,१२५ दिसायला हवेत.

शून्य महिन्यांची भीती अर्धीच खरी आहे. ६० महिन्यांत मिळालेला पगार ६० ने भागत नाहीत. ज्या दिवसांचा पगार मिळाला तेवढ्याच दिवसांनी भागतात आणि ३० ने गुणतात. तुमचे २४ महिने ११,५०० चे आणि ३१ महिने १३,५०० चे मिळून ६,९४,५०० होतात. ६० ने भागले तर ११,५७५ येतील, नियमाने साधारण १२,४४०. पण वर्षं मोजताना बिनपगारी महिने गळतात. पगाराची आठ वर्षं चार महिने भरतात, म्हणून ८ धरतील. ते पाच महिने धरले असते तर सहा महिन्यांच्या वरचा भाग पूर्ण वर्ष होऊन ९ झाली असती. तेव्हा पेन्शन महिना १,४२० च्या आसपास. रक्कम लहान आहे, हे मान्य. किमान १,००० ची हमी आहे आणि ती जन्मभर मिळते.

अर्ज १०-डी फॉर्मवर करायचा. मेडिकल बोर्ड तपासणी करतं. पेन्शन अपंगत्वाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, म्हणून बोर्डाच्या कागदावर कोणती तारीख पडली ते तिथेच वाचून घ्या.

एक विचारतो. लोट्याच्या आधी ते मुंबईला कुठे होते का?

सुरंगी:

होय दादा, २००८ ते २०१२ चार वर्षं मुंबईला एका कारखान्यात. तिथला पीएफ तेव्हाच काढला. पण आत्ता मुलाने जुन्या नंबरचं पासबुक उघडलं तर पेन्शनच्या रकान्यातली रक्कम तशीच दिसते. ती काढून घ्यावी का?

वाशिष्ठीकाठ:

अजिबात काढू नका. पीएफ १९ नंबरच्या फॉर्मवर निघतो आणि पेन्शनचा भाग १०-सी वर, म्हणून तो राहिला असणार. ती चार वर्षं जोडली तर सप्टेंबर २०१४ च्या आधीची असल्याने त्यांचा पगार जास्तीत जास्त ६,५०० धरतील. म्हणजे आणखी ३७० रुपयांपर्यंत, आणि एकूण १,७९० च्या घरात. आधी फॉर्म १३ ने जुनी नोकरी या खात्यात ट्रान्सफर करून घ्या. ती पासबुकात दिसली की मग १०-डी भरा.