तेरा वर्षांनी अमेरिकेतून कायमचं परत यायचंय, आधी काय हातात घेऊ?

ओसरीवरचा:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. मी आणि बायको न्यू जर्सीत, मला इथे तेरा वर्षं झाली, तिला बारा. एच-वन या कामाच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज (आय-१४०) मंजूर होऊन जमाना झाला पण ग्रीन कार्डची रांग आमच्या नोकरीच्या वयात काही संपेल असं दिसत नाही. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, दोघंही इथेच जन्मले म्हणजे पासपोर्ट अमेरिकन. आई-बाबा पुण्यात. बाबांची मागच्या वर्षी बायपास झाली, मी दोन आठवडे जाऊन आलो आणि परतीच्या विमानात बसताना जे वाटलं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, सांगत बसत नाही.

"पुढच्या वर्षी जाऊ" हे आमच्याकडे लग्न झाल्यापासून चालू आहे. या वेळी बायकोनेच सांगितलं की येता उन्हाळा, नाहीतर परत विषय काढायचा नाही. मग मी नेहमीप्रमाणे एक्सेल उघडली आणि आता त्या शीटला इतके टॅब झालेत की कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. ४०१के चं (इथल्या नोकरीतली निवृत्तीची बचत) काय, कंपनीचे शेअर्स साठलेत त्यांचं काय, घर विकू का भाड्याने देऊ, मुलीला सहावीत कुठल्या बोर्डात घालू, सामानासाठी कंटेनर मागवू का नको. नोकरीचं टेन्शन त्यातल्या त्यात कमी आहे, दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय.

हिशेबनीस:
स्वागत आहे. एक्सेल बंद करा आणि आधी विमानाची तारीख ठरवा, कारण पैशाच्या बाजूचं जवळपास सगळं त्या तारखेवर फिरतं. लोक हे उलटं करतात, आधी सगळं आवरू मग तिकीट काढू म्हणतात, आणि मग ते आवरणं कधी संपतच नाही.

आता तारीख का ते सांगतो. इतकी वर्षं बाहेर राहून आलेल्या माणसाला भारतात सुरुवातीला आरएनओआर दर्जा मिळतो, म्हणजे रहिवासी पण पूर्ण नाही, आणि तेवढ्या काळात तुमच्या परदेशातल्या कमाईवर इथे कर लागत नाही. नियम दोन, त्यातला एक बसला तरी चालतं: आधीच्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असलात, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिलात. तुमच्या केसमध्ये पहिलं आणि दुसरं वर्ष पहिल्या नियमाने सुटतं, तिसरं वर्ष मात्र दिवस मोजून ठरणार.

समजा १ जुलैला उतरलात. मार्चपर्यंत २७४ दिवस, पुढचं वर्ष ३६५, झाले ६३९. म्हणजे त्याआधीच्या पाच वर्षांतल्या सगळ्या भारतवाऱ्या मिळून ९० दिवसांत बसल्या तरच तिसरं वर्ष पदरात. तेच ३१ जुलैला उतरलात तर ही मर्यादा १२० दिवसांची होते. एका महिन्याच्या फरकाने अख्खं वर्ष वाचू शकतं, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आजच काढून बसा, आठवणीवर जाऊ नका.

शेअर्सबद्दल हे नीट वाचा. तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की नंतर विकलेल्या शेअर्सवर अगदी पहिल्या खरेदीपासूनचा नफा भारतात करपात्र होतो, तुम्ही परत आलात त्या दिवसाची किंमत कोणी धरत नाही. आणि एच-वन सोडून गेलेला माणूस अमेरिकेच्या दृष्टीने एकदा नॉन-रेसिडेंट एलियन (करापुरता बाहेरचा माणूस) झाला की अमेरिकन शेअर्स विकून झालेल्या नफ्यावर तिकडेही सहसा कर नाही. म्हणजे निघाल्याच्या पुढच्या जानेवारीपासून आरएनओआर संपेपर्यंत एक खिडकी उघडी असते. परत तेच शेअर्स घ्यायचे तर घ्या, पण किंमत नवीन लावून घ्या. लाभांशावर मात्र २५ टक्के कापले जातात, ते चुकत नाही. ब्रोकरला डब्ल्यू-८बेन (आपण आता तिकडचे रहिवासी नाही हे सांगणारा फॉर्म) द्यायला विसरू नका, आणि भारतातला पत्ता टाकला की खातं चालू ठेवतात का ते निघायच्या आधी लेखी विचारा.

अजून एक गोष्ट, कोणी बोलत नाही. तुम्ही नॉन-रेसिडेंट झाल्यावर तुमचं काही बरंवाईट झालं तर अमेरिकेतल्या मालमत्तेवर, त्यात अमेरिकन कंपन्यांचे शेअर्सही आले, फक्त ६०,००० डॉलरपर्यंत इस्टेट टॅक्सची माफी असते. त्यावरच्या रकमेला कर, तोही ४० टक्क्यांपर्यंत चढत जाणारा. सगळी पुंजी तिकडच्या शेअर्समध्ये ठेवून इकडे निवांत राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

४०१के ला हात लावू नका. साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर नेहमीच्या करावर १० टक्के दंड. ते तसंच ठेवता येतं, आणि भारतातही त्यावरचा कर पैसे काढाल तेव्हाच भरायची सोय आहे, अमेरिका त्या देशांच्या यादीत आहे, फक्त रिटर्नच्या मुदतीत तसा फॉर्म भरावा लागतो. आणि आरएनओआर संपलं की परदेशातलं प्रत्येक खातं रिटर्नमध्ये दाखवायचं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. घर-जमीन सोडून परदेशातली मालमत्ता सगळी मिळून २० लाख रुपयांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही, पण दाखवायचं तरीही चुकत नाही.

एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं बँक खातं) आल्या आल्या निवासी करून घ्या. एफडी मुदतीपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू राहतात पण ते व्याज करमुक्त राहत नाही. हा सल्ला फुकट आहे, सीएला पैसे द्याच, आणि दोन्हीकडचं कळणारा सीए बघा.

मोरपंखी:
हिशेबनीसांनी पैशाचं सांगितलंच आहे, मी मुलांचं सांगते कारण आमची मोठी आली तेव्हा सहावीतच होती.

ओसरीवरचे, मुलगी अकराची आहे म्हणता ना, मग उशीर करूच नका. सहावी-सातवीत येणारं मूल रुळतं, नववीत येणाऱ्याचे हाल होतात हे मी आमच्या सोसायटीत डोळ्यांनी बघितलंय. बोर्डाचं म्हणाल तर सीबीएसईची शाळा एप्रिलला सुरू होते, स्टेट बोर्ड जूनमध्ये, आयबी-केंब्रिजवाले साधारण ऑगस्टमध्ये. जुलै अखेरीस उतरणार असाल तर हे आधीच जुळवायला लागेल, सीबीएसईत सत्र चालू झाल्यावर आत घेतात पण जागा असेल तर. प्रवेशाचे अर्ज त्याच्या आधीच्या हिवाळ्यातच सुटतात, म्हणजे तुमच्याकडे वाटतो तेवढा वेळ नाहीये.

मराठी! महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे. घरी बोलता येणं वेगळं आणि शुद्धलेखन वेगळं. आमची फडाफडा बोलायची पण जोडाक्षर आलं की अडायची. आणि पहिल्या महिन्यात तिला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर रफ वही आणि फेअर वही. एकच उत्तर आधी पेन्सिलीने एका वहीत, मग पेनाने दुसऱ्या वहीत, समासाची रेघ लाल पेनाने, आणि ती मारायची राहिली म्हणून शेरा. ती रात्री रडकुंडीला येऊन विचारायची की उत्तर बरोबर असताना परत का लिहायचं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं, मी आपली रेघ मारून द्यायचे. चार महिन्यांनी मैत्रिणी झाल्या आणि विषय संपला. आतापासून रोज अर्धा तास देवनागरी लिहून घ्या, एवढं एक केलंत तरी पुष्कळ.

आता जरा कटू. मुलांचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड) ४ मार्च २०२१ नंतर काढलेलं असेल तर नीट, जेईई सारख्या प्रवेशांत ती मुलं एनआरआयच्या जागांसाठी धरली जातात, भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर त्यांना हक्क नाही. त्या तारखेच्या आधीच्या कार्डांना सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये जुनी सवलत ठेवली. मुलगी आणि मुलगा दोघांची कार्डं काढून तारीख बघा, घरातल्या दोन मुलांना दोन वेगळे नियम लागू शकतात. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, तो भाग सध्या बाजूला ठेवा. आधारसाठी ओसीआय मुलांना १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्याचं लागतं, त्यामुळे शाळेने पहिल्या दिवशी आधार मागितलं तर घाबरू नका, ओसीआय आणि पासपोर्ट पुढे करा.

पुन्हा_उड्डाण:
सगळे गोडगोड लिहितायत म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. आम्ही आलो होतो आणि परतही गेलो. त्यात पश्चात्ताप वगैरे काही नाही, पण जे झालं ते सांगतो.

आई-बाबांसाठी येतोय असं म्हणून येऊ नका. म्हणजे या, पण ते एकच कारण नको. त्यांची तुमच्याशिवाय एक घडी बसलेली असते, कामवाल्या बाई कधी येतात, संध्याकाळी कट्ट्यावर कोण भेटतं, टीव्हीवर काय लागतं. तुम्ही चौघं ऐंशी किलो सामान घेऊन त्यात शिरता आणि वर अपेक्षा ठेवता की ते खूश होतील. होतात, पंधरा दिवस. आमच्याकडे सकाळी बाथरूम कोणी आधी वापरायचं यावरून जे सुरू झालं ते भाऊबंदकीपर्यंत गेलं. जवळ घर घ्या, चालत जाता येईल इतकं, पण वेगळं.

दुसरं म्हणजे ऑफिस. संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेचा कॉल असतो आणि तो रात्री अकरापर्यंत चालतो. तुम्ही मुलांना आजी-आजोबा मिळावेत म्हणून येता आणि मुलांना बाप मिळत नाही. नोकरीची बोलणी चालू आहेत म्हणता तर पगाराआधी टीम कुठल्या टाइमझोनमध्ये आहे ते विचारा.

परतीचं दार: आय-१४० मंजूर आहे, म्हणजे कंपनीने पुढे ते काढून घेतलं तरी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) सहसा तुमचीच राहते, पुढे लॉटरीशिवाय एच-वन मिळायची शक्यताही असते. मंजुरीचं पत्र आजच मागून घ्या, एचआर नंतर मेल उचलत नाही.

मोरपंखी:
@पुन्हा_उड्डाण, तुमचं वेगळ्या घराचं शंभर टक्के पटलं. पण बाबांची बायपास झालेली असताना "एकच कारण नको" हे बोलायला सोपं आहे हो. काही वेळा एकच कारण पुरतं.

पुन्हा_उड्डाण:
पुरतं ताई, पण बायकोला पुरतंय का ते तिला विचारावं, एवढंच.

गंजका_खिळा:
घर आणि कंटेनर या दोनच गोष्टींवर बोलतो.

घर विकायचं तर निघायच्या आधी विका. शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिला असाल तर नवरा-बायको मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा तिकडे करमुक्त. परदेशी माणूस होऊन विकलंत की खरेदीदार साधारण १५ टक्के रक्कम आधीच कापून सरकारला भरतो, मग रिफंडची वाट बघत बसा. भाड्याने देऊन आठ हजार मैलांवरून नळदुरुस्ती करण्यात कसलं सुख आहे मला कधी कळलं नाही.

कंटेनर: विजेवर चालणारं काही आणू नका. तिकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, इकडे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर लावून मिक्सर चालवणारे लोक मी पाहिलेत, मिक्सरपेक्षा ट्रान्सफॉर्मर मोठा. लॅपटॉप-चार्जर चालतात. पुस्तकं, मुलांची खेळणी, सायकली, अंथरुणं आणा. दोन वर्षांहून जास्त बाहेर राहून येणाऱ्यांना कस्टममध्ये ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत मिळते, तिच्या मर्यादा बदलत असतात, बुकिंगच्या आठवड्यात कस्टमच्या साइटवरच बघा, एजंटचं ऐकू नका.

आणि आरोग्यविमा आत्ताच घ्या, भारतातला, तिकडे बसून. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लागतं, ते घड्याळ आजपासून चालू होऊ दे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. बीपी-शुगर काही असेल तर फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका, क्लेमच्या वेळी सगळं निघतं.

ओसरीवरचा:
बापरे, दोन दिवस कामात होतो आणि इथे एवढं सगळं. मनापासून आभार.

शिक्के काढले. पाच वर्षांतल्या वाऱ्यांची बेरीज १ जुलैच्या मर्यादेच्या थोडीशी वर जाते आणि ३१ च्या आरामात आत. त्यामुळे ३१ जुलै नक्की, तिकीट बघतोय. मुलीचं ओसीआय २०१९ चं, मुलाचं २०२१ च्या डिसेंबरचं, म्हणजे मोरपंखी ताई म्हणतात तसंच झालं, एकाच घरात दोन नियम. त्याचं तो मोठा होईल तेव्हा बघू. आई-बाबांच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत फ्लॅट बघतोय, बाबा फोनवर म्हणाले की "बरं झालं", आणि ते इतक्या पटकन म्हणाले की मला जरा लागलंच.

एक शंका राहिली. बायकोने सोशल सिक्युरिटीच्या साइटवर बघितलं, तिचे ३४ क्रेडिट भरलेत, इथलं निवृत्तिवेतन मिळायला ४० लागतात. आधीची वर्षं एच-फोर (जोडीदाराचा व्हिसा) वर कामाशिवाय गेली तिची. माझे केव्हाच ४० झाले. सहा क्रेडिटसाठी थांबावं का?

हिशेबनीस:
वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे सहासाठी दुसऱ्या कॅलेंडर वर्षात जावं लागेल. भारत-अमेरिकेत याबाबत करार नाही, त्यामुळे इथली नोकरी त्यात धरली जाणार नाही. पण भरलेले ३४ पुसले जात नाहीत, पुढे कधी तिकडे काम केलं तर तिथूनच पुढे मोजतात. शिवाय तुमच्या खात्यावर जोडीदार म्हणून तिला तुमच्या रकमेच्या अर्ध्यापर्यंत मिळू शकतं, बाहेर राहणाऱ्यांना त्यासाठी अटी आहेत, त्या तेवढ्या वाचून घ्या. माझं मत विचाराल तर यासाठी मुलीची सातवी-आठवी घालवू नका.

ओसरीवरचा:
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, थांबायचं असेल तर तू थांब, मी मुलांना घेऊन पुढे जाते. आय-१४० च्या पत्रासाठी एचआरला मेल टाकलाय.