गच्चीवरच्या कारल्यांना फळमाशी: हार्मोन दिलेले वांझ नर इथे मिळतात का?

मुलुंडची_गच्ची
इमारतीच्या गच्चीवर कारलं, दोडका आणि पडवळ लावलंय. पाऊस लागला की फळमाशी हजर. कारलं जेमतेम बोटभर होतं तोच डंख, मग ते तिथे पिवळं पडून वाकडं होतं, आणि चिरलं की आत पांढऱ्या अळ्या. फवारणी करायची नाही, सोसायटीची पोरं दिवसभर वरच असतात. नर्सरीवाल्याने ‘फळमाशीचा सापळा’ म्हणून मिथाईल युजेनॉलची वडी दिली. सापळ्यात माश्या बऱ्याच पडतात, कारली तरी सडतातच! परदेशात म्हणे नर माश्यांना हार्मोन देऊन वांझ करतात आणि सोडतात. असे नर इथे विकत मिळतील का? आणि हार्मोनवाली माशी बसलेलं फळ पोरांना द्यावं का?

दादरकर
केळ्यांवरची चिलटं असतील. वाटीत व्हिनेगर ठेवा, जातील.

मुलुंडची_गच्ची
चिलटं नाहीत हो. जवळजवळ घरमाशीएवढी आहे, तांबूस, पाठीवर पिवळे पट्टे.

चेंबूरचे_मास्तर
ताई, वर्णनावरून ही वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी. तुमच्या सापळ्यात पडतात त्या बहुधा आंबा-पेरूवरच्या, कारण मिथाईल युजेनॉलला ते नर भुलतात. कारल्यावरच्या नरांना क्यू-ल्युअर नावाचं दुसरं गंधद्रव्य लागतं. नर्सरीत सगळ्यांना एकच वडी देतात, हा वैताग जुना आहे.

आता हार्मोनचं. हार्मोनने माशी वांझ होत नाही. वांझ करतात ते किरणांनी. प्रौढ माशी बाहेर पडायच्या एक-दोन दिवस आधी कोषांना गॅमा किंवा एक्स-किरण देतात. नर धडधाकट राहतो, जोडी जमवतो, पण त्या मादीच्या अंड्यांतून अळी निघत नाही. माशी किरणोत्सारी वगैरे होत नाही.

हार्मोन येतं त्यानंतर. पैदास केंद्रातून निघालेला नर लगेच वयात येत नाही. काही जातींत आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर त्याला सांभाळायचं तर जागा आणि खाणं लागतं. लवकर सोडला तर जोडी जमायच्या आधीच कोळी, मुंग्या, पक्षी त्याला संपवतात. म्हणून मेथोप्रीन नावाचं, कीटकांच्या बालसंप्रेरकासारखं, म्हणजे अळीला अळीच ठेवणाऱ्या हार्मोनसारखं, काम करणारं रसायन प्रथिनयुक्त खाण्यातून देतात, म्हणजे नर काही दिवस आधीच तयार होतो. गंमत अशी की हेच मेथोप्रीन डासांच्या अळ्या असलेल्या पाण्यात टाकलं तर त्यांचे डास होत नाहीत. अळीत ते वाढ अडवतं, प्रौढ नरात वयात येणं घाईने घडवतं. हे सगळं सोडण्याआधी, पैदास केंद्रातच होतं. फळावर काही फवारत नाहीत, तेव्हा ती काळजी सोडा.

विकत मात्र मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी घेऊ नका. एका गच्चीवर मूठभर वांझ नर सोडून काय होणार? शेजारच्या नाल्याकाठच्या रानवेलींवरून आधीच जोडी जमलेली मादी उडत येईल आणि डंख मारून जाईल. ही पद्धत अख्ख्या प्रदेशाची असते. जपानने ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवर नेमकी हीच माशी हटवली. 1970च्या दशकात कुमे बेटापासून सुरुवात केली आणि 1993 पर्यंत सगळी बेटं मोकळी झाली. आठवड्याला कोट्यवधी वांझ माश्या सोडत होते, तेही सापळ्यांनी रानटी माश्या आधी कमी करून. त्याआधी तिथलं कारलं जपानच्या मुख्य भूमीवर पाठवायला बंदी होती.

देवगडची_कलमं
मी कामाला लोअर परळला, कलमं गावी. मास्तर, मग हापूससाठी कोकणात हे का नाही? 2014 साली युरोपने फळमाशीपायीच आमचा आंबा बंद केला होता. पुढच्या वर्षी उघडला, पण 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून पाठवायची अट घातली. खर्च आमच्याच माथी.

चेंबूरचे_मास्तर
कोकण हे बेट नाही, भाऊ. पलीकडे घाट, खाली गोवा, आणि प्रत्येक परड्यात एखादं रायवळ झाड, ज्याचा आंबा कुणी वेचत नाही. पण तुमचं नशीब कारलंवाल्यांपेक्षा बरं आहे. मिथाईल युजेनॉलची ओढ क्यू-ल्युअरपेक्षा कितीतरी जबर. त्याच ओकिनावात आंब्यावरची माशी वांझ नर न सोडता, याच गंधात कीटकनाशक मिसळून नर संपवून हटवली. तुमच्या वाडीत एकट्याने सापळे टांगून अर्धंच काम होईल. शेजाऱ्यांनाही टांगायला लावा. वाडीतला माणूस ऐकतो का, ते तुम्हीच सांगा.

देवगडची_कलमं
ऐकतो, पण शेजाऱ्याने आधी टांगला तर.

मुलुंडची_गच्ची
क्यू-ल्युअरची वडी मागवली. सडकी कारली मी कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकते, ते चालेल ना?

चेंबूरचे_मास्तर
अजिबात नको! ड्रम पुरेसा तापला नाही तर अळ्या तिथेच कोष करतील. जाड प्लास्टिक पिशवीत घालून घट्ट गाठ मारा आणि उन्हात ठेवा. ऊन नसेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. कुंड्यांतली वरची माती अधूनमधून उकरा, कोष तिथेच असतात. आणि फळ धरलं की लगेच, फूल गळताच, कागदी किंवा जाळीची पिशवी चढवा. सापळ्यात फक्त नर पडतो, डंख मारते मादी, म्हणून गच्चीपुरता खरा भरवसा पिशवीचाच.

दादरकर
माझी चिलटं मात्र व्हिनेगरने गेली, एवढं नोंदवतो.