पिकअपमागं जनरेटरचा ट्रेलर ओढायचाय, टायर कुठले टाकू?

जुळे_सोलापूरकर
मंडळी, मंडप-लाइटचा धंदा हाय आपला. पिकअपमागं दोन चाकी ट्रेलर लावून जनरेटर न्यावा लागतो, ट्रेलरसकट १२०० किलोच्या आसपास भरतंय. पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा रोड चांगलेच हायत पण शेवटचं किलोमीटरभर शेतातनं, आन पावसाळ्यात काळ्या मातीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मागचे टायर संपलेत. एक दुकानदार म्हणतो सायझ २१५/७५ आर१५ हाय ना, मग एसयूव्हीचे टाका, स्वस्त पडतात. दुसरा म्हणतो ऑल टेरेनच टाका, म्हंजे कच्च्या रस्त्यासाठी खोल, ठोकळ्या नक्षीचे. आणि ७० च्या पुढं गेलं की ट्रेलर शेपटागत हलतो, ते पण टायरमुळंच का?

रबरी_माणूस
सायझ बसली म्हणजे टायर बसला असं नसतंय मालक. सायझच्या पुढं १००, १०४, ११० असा आकडा असतो बघा, तो लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११० म्हणजे १०६०. मागच्या दोन टायरचा हिशोब केला तर कुठं १६०० आन कुठं २१२०, आणि बाहेरनं बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात. गाडीला कंपनीनं जो इंडेक्स दिलाय त्याच्या खाली जायचंच नाही, एसयूव्हीचे तिथंच मार खातात. एलटी म्हणजे लाइट ट्रक लिहिलेले घ्या, त्यांची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कडक असते, मागनं ट्रेलर ढकलायला लागला की गाडी कमी डोलते. पण एक, भारी टायर टाकला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, नायतर लोकं १२ प्लाय म्हणजे जास्त भाराचे जाड टायर टाकतात आन वर अजून चार लोखंडी कमानी चढवतात.
ऑल टेरेनचं म्हणाल तर काळी माती एकदा नक्षीत भरली की ऑल टेरेन काय नि गुळगुळीत काय, सगळे सारखेच घसरतात. तुमचं बहुतेक पळणं डांबरीवर हाय, साधी रिबची, म्हणजे टायरभर सरळ रेघांची, नक्षी घ्या.

काट्यावरचा
शेपूट हलतंय ते आधी टायरवर ढकलू नका, जनरेटर ट्रेलरवर कुठं ठेवलाय ते सांगा. चाकांच्या मागं सरकला असेल तर दांडी वर उचलते, पिकअपची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलर नाचतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दांडीवर आलं पाहिजे, म्हणजे तुमचं १२० ते १८० किलो, हुकाला तेवढं झेपतंय का ते पण बघून घ्या. मोजायला सोप्पंय. नुसती पिकअप वजनकाट्यावर घाला, मग ट्रेलर जोडून परत घाला पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवा, जो फरक येईल तो दांडीचा भार. तसंच जोडलेलं असताना फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन अजून एक वजन करा, कारण हुक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागं असतो, त्यामुळं दांडीवर १५० आले तरी अ‍ॅक्सलवर १५० पेक्षा जास्तच येतात आन पुढची चाकं तेवढी हलकी होतात. टायर निवडायचा तो ह्या आकड्यावर, पिकअपमधलं बाकीचं सामान भरून.

बाळे_एक्सप्रेस
आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतं ओ, हवा पाच-सहा कमीच ठेवा, नायतर फुटतो.

रबरी_माणूस
उलटं हाय भाऊ. हवा कमी असली की साइडवॉल जास्त मुरगळते, त्यानंच टायर तापतो आन फुटतो. लोड इंडेक्सचे किलो हवा पूर्ण असली तरच खरे, हवा उतरवली की ताकद पण उतरली. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना, गाडीच्या स्टिकरवर लोडसाठी जेवढी लिहिली तेवढी भरा. मोहोळपर्यंत गेल्यावर ४-६ पीएसआय जास्त दिसणार, ती काढायची नाही. टायरवर लिहिलेली हवा ही कमाल असते, रोजची नव्हं.

काट्यावरचा
ट्रेलरचे टायर कुणी विचारलेच नाहीत! जनरेटरचा बहुतेक भार तेच घेतात आन लग्नसराई संपली की सहा-आठ महिने उन्हात पडून असतात. नक्षी नवीकोरी दिसते पण साइडवॉलला बारीक चिरा. टायरच्या बाजूला डीओटी लिहून पुढं कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जुना माल निघाला तर आधी ते बदला, पिकअपचे नंतर.

जुळे_सोलापूरकर
आत्ता बॅटरी लावून बघून आलो, ट्रेलरवर ०९१४ हाय 😅 आणि जनरेटर चाकांच्या मागंच हाय, उतरवायला सोप्पं जातं म्हणून पोरं तिथंच ठेवतात. बजेट चारचं होतं, आता पिकअपचे दोन नि ट्रेलरचे दोन असं करतो. पुढचे अजून बरे हायत, चालतील का?

रबरी_माणूस
चालतील, फक्त पुढं-मागं रेडियल आन नायलॉन असे दोन वेगळ्या बांधणीचे टायर मिसळू नका. आणि स्टेपनीचा पण लोड इंडेक्स बघा, बऱ्याच जणांची जुन्या गाडीची असते.