जॉन जे यांनी सरन्यायाधीशपद सोडून गव्हर्नर होणं का पसंत केलं?

प्रश्न:
अमेरिकेचा इतिहास वाचतेय आणि एका जागी अडकलेय. जॉन जे हे तिथले पहिले सरन्यायाधीश, १७८९ ला वॉशिंग्टननी नेमलेले, आणि १७९५ ला ते पद सोडून न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. एवढं मोठं पद कुणी असं सोडतं का? काही वाद झाला होता का?

प्रतिसाद १:
वाद वगैरे काही नाही. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, लोकांनी निवडून दिलेला, आपला मुख्यमंत्रीच धरा. आणि सुप्रीम कोर्टाला तेव्हा आजचं वजन नव्हतं, १७९० च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा बसलं तर समोर एकही केस नाही, वर न्यायाधीशांनी खराब रस्त्यांवरून गावोगाव फिरून खटले चालवायचे (यालाच सर्किट म्हणत). १७९२ लाही ते सरन्यायाधीश असतानाच गव्हर्नरपदाला उभे होते, तीन काउंट्यांची (म्हणजे जिल्ह्यांची) मतं तांत्रिक कारणावरून बाद केली आणि १०८ मतांनी हरले. पुढच्या वेळी ब्रिटनशी तह करायला गेलेले, परत येऊन बघतात तर निवडून आलेत!

प्रतिसाद २:
त्यात तहाचा मजकूर निवडणुकीनंतर फुटला, लोक इतके भडकले की ठिकठिकाणी त्यांचे पुतळे जाळले. पण मला त्यांच्या काळातला १७९९ चा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल कायद्यानं स्वतंत्र, पण मुलानं २८ आणि मुलीनं २५ वर्षांचं होईपर्यंत आईच्या मालकाकडेच राबायचं. म्हणजे ऐन उमेद तिथेच गेली की हो. आणि सही करणाऱ्या गव्हर्नरांनी स्वतःही गुलाम बाळगलेले, हे वाचून फार टोचलं.

प्रतिसाद ३:
टोचतंच, पण त्याच माणसाची दुसरी बाजूही बघा. १८०० ला न्यूयॉर्कच्या विधिमंडळात त्यांचा फेडरलिस्ट पक्ष हरला, नवीन लोक येऊन विरोधी पक्षाच्या जेफरसनच्या बाजूचे इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) निवडणार हे उघड होतं. त्यांच्याच पक्षाचे नेते हॅमिल्टन यांनी पत्र लिहिलं की जुनं विधिमंडळ अजून आहे तोवर बोलवा आणि निवडीचा नियमच बदलून टाका. जॉन जे यांनी ते केलं नाही. त्या पत्रावरच त्यांनी लिहून ठेवलं की हा पक्षाच्या सोयीचा उपाय आहे, तो मला शोभणार नाही. त्याच वर्षाअखेरीला राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सनी त्यांना परत सरन्यायाधीश नेमलं, सिनेटनं मंजुरीही दिली, तरी नाही म्हणाले आणि मुदत संपल्यावर बेडफर्डला शेतावर राहायला गेले. ती खुर्ची मग जॉन मार्शलना मिळाली.